शाराकूचे दोन नोकर: ठसा कोरतानाच्या नोंदी

१८ मे

दोन चित्रं आज पक्की केली. दोन्ही जपानी चित्रकार तोशुसाई शाराकूची, १७९४ सालातली, आणि एकाच नाटकाच्या एकाच प्रवेशातली. एकात ओतानी ओनिजी तिसरा हा नट एदोबेई नावाच्या भाडोत्री गुंड नोकराच्या भूमिकेत आहे. दुसऱ्यात इचिकावा ओमेझो पहिला हा इप्पेई नावाच्या इमानी नोकराच्या भूमिकेत. एदोबेईचं चित्र जगभर पोस्टरवर, कपांवर, टी-शर्टवर दिसतं. इप्पेईकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. माझ्या मते इप्पेईशिवाय एदोबेई अर्धाच कळतो, आणि हा प्रकल्प त्यासाठीच आहे. एदोबेईचा पूर्ण रंगीत ठसा कोरायचा, इप्पेईचा फक्त रेषेचा, आणि दोन्ही छापचित्र वर्गाच्या भिंतीवर समोरासमोर लावायची. सोबत मराठीत मजकूर.

नमुन्यासाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने मुक्त वापरासाठी दिलेली एदोबेईची मोठी फाइल घेतली आहे. मूळ कागद सुमारे ३८ × २५ सें.मी. त्याच मापात काम करणार.

वर्गातल्या मुलांसाठी थोडी पार्श्वभूमी इथेच लिहून ठेवतो. काबुकी या जपानी नाट्यप्रकारातल्या नटांच्या छापचित्रांना याकुशा-ए म्हणतात. एदो म्हणजे आजचं टोकियो. तिथल्या नाटकवेड्या शहरात ही चित्रं दुकानांतून स्वस्तात विकली जात. नाटक रंगमंचावर असतानाच चित्र बाजारात यायला हवं, म्हणून चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि या सगळ्यांना पैसे पुरवणारा प्रकाशक अशी साखळी घाईने चालायची. छापलेल्या कागदावर नाव चित्रकाराचं आणि खूण प्रकाशकाची. कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव त्या काळात बहुतेक वेळा कुठेच नसे. ही गोष्ट मला फार लागते. मी जे करतोय ते मुख्यतः त्या दोघांचंच काम आहे.

२२ मे

आज गोष्ट नीट लावून घेतली. नाटक ‘कोई न्योबो सोमेवाके ताझुना’, मुळात १७५१ मध्ये बाहुल्यांच्या रंगभूमीसाठी लिहिलेलं. १७९४ च्या पाचव्या महिन्यात ते एदोच्या कावाराझाकी-झा नाट्यगृहात लागलं होतं.

योसाकू नावाचा एक तरुण सामुराई. त्याच्या मालकाचे पैसे घेऊन त्याचा नोकर इप्पेई निघालेला असतो. क्योतोच्या शिजो भागात नदीच्या पात्राजवळ एदोबेई त्याला गाठतो आणि पैसे लुटतो. योसाकूची अब्रू जाते. त्यातच शिगेनोई या दासीशी असलेलं त्याचं प्रेम उघडकीला येतं. तिचा बाप ताकेमुरा सादानोशिन हा नो या जुन्या जपानी नाट्यप्रकाराचा उस्ताद. मुलीला क्षमा मिळावी म्हणून तो धन्यासमोर ‘दोजोजी’ या नो नाटकातला गुप्त नाच करतो आणि त्या नाचातल्या घंटेच्या आत स्वतःचं पोट चिरून घेतो.

शाराकूने या नाटकातले बरेच जण चितारले: एदोबेई, इप्पेई, सादानोशिन, शिगेनोई. मात्र घंटा, नदी, पैशांची थैली यांतलं काहीच चितारलं नाही. फक्त छातीपर्यंतचे नट, आणि मागे अभ्रकाची चमकती काळोखी.

एदोबेईचं तोंड आपल्या डावीकडे आहे, इप्पेईचं उजवीकडे. इप्पेईला डावीकडे ठेवलं की दोघे एकमेकांसमोर येतात. एक हात पसरून पुढे झेपावतोय, दुसऱ्याचे हात तलवारीवर. दोन कागदांच्या मधल्या रिकाम्या जागेत अख्खा प्रवेश उभा राहतो. दोन्ही प्रिंटआउट टेबलावर ठेवून मी बराच वेळ ती जागाच बघत होतो. भिंतीवर दोन चौकटींमध्ये किती अंतर ठेवायचं हे इथेच ठरलं: अगदी कमी, चार बोटं.

२ जून

लाकूड आलं. जपानी कोरणारे डोंगरी चेरीची फळी वापरत. ते लाकूड घट्ट, एकसारख्या पोताचं, आणि हजारो छाप काढले तरी रेघ टिकवणारं. इथे ते मिळणं अवघड, म्हणून हेदूची फळी घेतली. पोत बारीक आहे आणि धार आडवीतिडवी पळत नाही. फळी उभ्या धाग्याची आहे, म्हणजे झाडाच्या लांबीत कापलेली. युरोपातल्या बारीक कोरीव ठशांसाठी लाकूड आडवं कापतात. जपानी पद्धत याच्या उलट, आणि पटाशीची सगळी सवय त्यावर ठरते.

रेषांचं चित्र पातळ कागदावर उतरवून तो कागद फळीवर पालथा चिकटवला. मूळ पद्धतीतही असंच होतं. चित्रकाराने काढलेलं चित्र पालथं चिकटवून, कागदाचा वरचा थर बोटाने चोळून काढून, त्याच रेषांवरून कोरलं जायचं. त्यामुळे चित्रकाराच्या हातचं मूळ रेखाटन कोरतानाच संपायचं. शाराकूच्या या चित्रांचं मूळ रेखाटन म्हणून जगात दाखवता येईल असं काही उरलेलं नाही, याचं कारण हेच.

कागद दरवेळी त्याच जागी बसावा म्हणून दोन खुणा कोपऱ्यात कोरल्या: एक काटकोनी, एक सरळ. त्यांना केंतो म्हणतात. रंगीत छपाईचा सगळा जीव या दोन खाचांत असतो.

९ जून

डोळे आणि तोंड.

हे मुद्दाम आधी घेतलं. चेहरा फसला तर बाकीच्या फळीला अर्थ नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंनी चाकू चालवायचा, आणि पातं रेघेपासून बाहेर झुकलेलं ठेवायचं, म्हणजे रेघ माथ्याशी बारीक आणि पायाशी रुंद राहते. तशी राहिली तरच दाबाखाली तुटत नाही.

एदोबेईच्या डोळ्यांत बुबुळं लहान आहेत आणि नाकाकडे ओढलेली. काबुकीत नट महत्त्वाच्या क्षणी एका आवेशात थिजतो, त्याला मिए म्हणतात. बाजूला बसलेला माणूस लाकडी ठोकळे फळीवर आपटतो, नट मान फिरवून थांबतो आणि नजर रोखतो. कधी एक डोळा नाकाकडे वळवतो. हे सगळं मी व्हिडिओत बघितलं होतं, पण बुबुळाभोवतीची पांढरी जागा चाकूने मोकळी करताना ते नव्याने कळलं. त्या बुबुळाची जागा एका केसाएवढी बाहेर गेली तरी तो साधा रागावलेला माणूस होईल. जिथे आहे तिथे ठेवलं की तो प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेसाठी रागावलेला नट होतो.

तोंड म्हणजे एकच रेघ. दोन्ही टोकं खाली. ओठ आत ओढून घट्ट मिटलेले. हनुवटी पुढे, मान खांद्यांच्याही पुढे. एवढ्यावर काम भागवलंय. गालावर सावली नाही, सुरकुती जवळजवळ नाहीच. चेहऱ्यातल्या रेषा हाताच्या बोटांवर मोजता याव्यात इतक्याच असतील.

१९ जून

केस. कपाळाजवळ आणि कानशिलांजवळ एकेक केस वेगळा दिसतो. एदोतल्या कोरणाऱ्यांच्या कामात हा भाग सगळ्यात अवघड मानला जाई आणि तो कारखान्यातल्या सर्वांत अनुभवी माणसाकडे जाई. शिकाऊ मुलं कपडे आणि मोकळ्या जागा कोरायची, उस्ताद डोकी कोरायचा.

एदोबेईचे केस चापूनचोपून बसवलेले नाहीत, उभारलेले आहेत. विग मुद्दाम तसा. गुंडाचा विग, रागाचा विग. कपाळाच्या कडेला विगची सीमा कळते. शाराकूने ती लपवलेली नाही.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. त्याच्या चित्रात भूमिका दिसते आणि ती करणारा माणूसही दिसतो. एदोबेईचा क्रूरपणा दिसतो, आणि तो क्रूरपणा चेहऱ्यावर आणण्यासाठी ओनिजी किती ताकद लावतोय हेही दिसतं. मजकुराच्या फलकावर मध्यवर्ती वाक्य हेच राहील.

२८ जून

हात. याबद्दल लोक नेहमी विचारणार: हे हात असे का? चेहऱ्याच्या मानाने लहान, कपड्यांच्या घडीतून अचानक बाहेर आलेले, बोटं ताठ फाकलेली. शरीरशास्त्र धरून बघितलं तर खांद्यापासून तिथवर कोपर कुठे असेल हेच सांगता येत नाही. काही अभ्यासक ही चित्रकाराची कमजोरी मानतात.

कोरल्यावर माझं मत वेगळं झालं. मोठे, नीट बेतलेले हात काढले असते तर नजर चेहऱ्यावरून उतरून हातांवर थांबली असती. हे हात चेहऱ्याला पुढे ढकलतात. शिवाय फाकलेली बोटं इप्पेईच्या दिशेने आहेत, त्याच्या पैशांच्या दिशेने. इप्पेईचा कागद शेजारी ठेवा, म्हणजे ते हात कुठे निघालेत हे कळतं.

६ जुलै

आज कोरकाम बंद, फलकांचा मजकूर. ही चित्रं त्या काळी फार चालली नाहीत असं का म्हणतात, यावर लिहायला बसलो.

शाराकूच्या आधी नटांची चित्रं नव्हती असं अजिबात नाही. तोरी या चित्रकार घराण्याची परंपरा होतीच, पण तिच्यात नट ओळखायचा तो कपड्यावरच्या घराण्याच्या चिन्हावरून. इचिकावा घराणं म्हणजे एकात एक बसलेले तीन चौकोन. चेहरे सगळ्यांचे सारखेच. १७७० च्या सुमारास कात्सुकावा शुनशोने आणि त्याच्याबरोबर इप्पित्सुसाई बुंचोने नटाचा खरा चेहरा चित्रात आणला. लोकांना ते आवडलं. म्हणजे साम्य दाखवणं हा शाराकूचा गुन्हा नव्हता.

त्याच वर्षी, १७९४ मध्ये, तरुण उतागावा तोयोकुनीने ‘याकुशा बुताई नो सुगाता-ए’ ही नटांची मालिका सुरू केली. पूर्ण उभे नट, स्वच्छ राखाडी पार्श्वभूमी, डौलदार रेषा. तोयोकुनीचा नट रंगमंचावर जसा दिसावा असं चाहत्याला वाटतं तसा दिसतो. त्याची मालिका दोनेक वर्षं चालली आणि पुढचं अर्धशतक नटांच्या चित्रांवर त्याच्या घराण्याने राज्य केलं.

शाराकूने केलं ते स्त्री-भूमिकांत सगळ्यात स्पष्ट दिसतं. १६२९ मध्ये बायकांना काबुकीतून बंदी झाली, १६५२ मध्ये कोवळ्या पोरांनाही. तेव्हापासून प्रौढ पुरुषच स्त्रिया साकारत. पुढचे केस भादरलेले असल्यामुळे कपाळावर जांभळं कापड बांधत. सेगावा तोमिसाबुरो दुसरा हा यादोरिगी नावाच्या गृहिणीच्या भूमिकेत बघा. त्याच्या काळातले रसिक त्याला खाष्ट तोमी अशा अर्थाच्या टोपणनावाने ओळखत, आणि शाराकूने तो खाष्ट, हाडकुळा चेहरा जसाच्या तसा ठेवला. जबडा पुरुषाचा, नजर वयस्क माणसाची, आणि बसणं-वागणं अत्यंत सभ्य बाईचं. आपल्याकडे बालगंधर्वांचे स्त्रीवेषातले फोटो बघताना आपण पुरुष शोधतच नाही. शोधू नये हीच त्या कलेची किमया. शाराकूच्या चित्रात पुरुष शोधावा लागत नाही. पण त्याने खिल्ली उडवलेली नाही. तोमिसाबुरो आपलं काम इतक्या निष्ठेने करतोय की तो जबडा दिसूनही बाई दिसते. मला ही चित्रं नटांविषयीच्या आदराने भरलेली वाटतात.

चाहत्यांना आणि नटांना तसं वाटलं नसावं. त्याच काळातला लेखक ओता नानपो याने नोंदवून ठेवलंय की शाराकूने नटांची चित्रं काढली, पण खरेपणाच्या मागे इतका लागला की नको ते काढून बसला, आणि म्हणून त्याचं काम फार टिकलं नाही. शाराकूबद्दल समकालीन माणसाने लिहिलेलं एवढंच महत्त्वाचं वाक्य हाती आहे, आणि त्यातच तक्रार आणि प्रशंसा दोन्ही आलंय.

१५ जुलै

रंग. या दिवसांत कागद ओलसर ठेवायला त्रास नाही, पावसाने अर्धं काम केलंय. कागदाला तुरटी आणि सरसाचं पाणी आधीच दिलेलं आहे, म्हणजे रंग फुटत नाही.

१८ व्या शतकाच्या शेवटी जपानी छपाईत जे रंग होते त्यांची यादी वर्गात वाचून दाखवली तेव्हा सगळ्यांना ओळखीची वाटली. गुलाबी-लाल करडईच्या फुलांचा. पिवळ्यांपैकी एक हरताळ. नीळ. लाल मातीचा तांबडा. काजळीची शाई. आणि एक नाजूक निळा, आपल्याकडच्या केन्याच्या भाईबंद वनस्पतीच्या फुलांचा. हा शेवटचा इतका कच्चा की पाण्याने आणि उजेडाने उडतो. करडईचा गुलाबीही उजेडात फिकटतो. त्यामुळे आज संग्रहालयांत दिसणारे तपकिरी आणि राखाडी भाग मुळात बऱ्याचदा जांभळे किंवा निळे होते. मूळ चित्रं म्हणूनच अगदी मंद उजेडात, थोडे दिवसच मांडतात. विलायतेहून आलेला प्रशियन निळा जपानी छपाईत रुळला तो १८३० च्या आसपास, म्हणजे शाराकूला तो मिळालाच नाही.

डोळ्यांच्या कडांना तांबूस छटा आहे, तिचा छोटा वेगळा ठसा केला. रंगाबरोबर तांदळाची खळ ब्रशने फळीवर पसरायची, कागद ठेवायचा, आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने, बारेनने, मागून घासायचं. छापखान्याचं यंत्र नाही, दाब फक्त मनगटाचा. तांबूस छटा उमटली आणि चेहरा एकदम जागा झाला.

२० जुलै

अभ्रक. खरी परीक्षा आज होती.

शाराकूची पहिली २८ चित्रं एकाच वेळी बाहेर पडली आणि सगळ्यांच्या मागे गडद अभ्रकाची पार्श्वभूमी होती. त्यासाठी आधी काळसर थर, मग सरसात कालवलेली अभ्रकाची पूड. मी पूड वस्त्रगाळ करून घेतली. पातळ केली तर चमक जाते, घट्ट केली तर वाळल्यावर खपल्या पडतात. मूळ प्रतींवरही अनेक ठिकाणी ती झडलेली आहे.

समोरून बघितलं तर ती पार्श्वभूमी नुसती राखाडी-काळी. कागद थोडा तिरका केला की उजेड सरकतो आणि चेहरा मागच्या अंधारातून पुढे येतो. त्या काळची नाट्यगृहं दिवसा चालत, वरच्या खिडक्यांमधून उजेड घेत, मेणबत्त्यांचा आधार घेत. अर्धवट उजेडात पांढरा रंग फासलेला चेहरा कसा चमकत असेल, ते हातात धरलेल्या या कागदावर थोडंफार कळतं. फोटोत आणि पडद्यावर हे काहीही उतरत नाही. भिंतीवर एक प्रत काचेमागे राहील, पण दुसरी प्रत लोकांच्या हातात द्यायची, हे आज नक्की केलं.

खर्चाचाही विचार आला. अभ्रक महाग होतं. चित्रकार कोणालाही माहीत नसलेला. तरी प्रकाशक त्सुताया जुझाबुरो याने एकदम २८ चित्रांचा डाव मांडला. १७९१ मध्ये सांतो क्योदेन या लेखकाच्या पुस्तकांवरून सरकारने त्याची निम्मी मालमत्ता जप्त केली होती. एदोची तिन्ही मोठी नाट्यगृहंही कर्जात बुडून बंद होती आणि त्यांच्या जागी पर्यायी तीन चालत होती. कावाराझाकी-झा त्यांतलंच एक. अडचणीतल्या प्रकाशकाने अडचणीतल्या रंगभूमीवर लावलेला हा पैसा होता. या माणसाविषयी मला फार आत्मीयता वाटते. तो १७९७ मध्ये गेला.

२६ जुलै

शाराकू कोण होता, यावर फलकात चारच ओळी देणार.

१७९४ च्या पाचव्या महिन्यापासून पुढच्या वर्षाच्या पहिल्या महिन्यापर्यंत, एवढाच त्याचा छापील संसार. सुमारे १४० चित्रं. नंतरच्या चित्रांत आकार लहान, अभ्रक गेलं, नट उभे आणि थोडे पुतळ्यासारखे. १८४४ मध्ये साइतो गेश्शिनने लिहिलं की तो आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरी असलेला नो नट साइतो जुरोबेई. या नावाचा माणूस खरोखर होता आणि १८२० मध्ये वारला, हे १९९७ मध्ये एका देवळाच्या नोंदवहीतून पुढे आलं. आज बहुतेक अभ्यासक हेच मान्य करतात.

मलाही ते पटतं, आणि त्याचं कारण सादानोशिनचं चित्र. नो उस्तादाची ती भूमिका इचिकावा एबिझो या ज्येष्ठ नटाने केली होती. हात एकमेकांत गुंतवलेले, डोळे मोठे, कपाळावर ताण. सगळ्या मालिकेत एवढी माया दुसऱ्या चेहऱ्यावर नाही. आपल्याच व्यवसायातल्या माणसाची भूमिका मंचावर बघणाऱ्या नो नटाने ते चित्र काढलं असेल, तर ती माया कुठून आली हे समजतं. हा पुरावा नव्हे, माझा विश्वास आहे, आणि फलकावर तसंच लिहीन.

२००८ मध्ये ग्रीसच्या कोर्फू बेटावरच्या आशियाई कलेच्या संग्रहालयात शाराकूच्या हाताने रंगवलेलं एक पंख्याचं चित्र ओळखलं गेलं. त्यातला प्रयोग १७९५ च्या पाचव्या महिन्यातला आहे. म्हणजे छपाई थांबल्यावरही तो नाटकं बघत होता आणि नट काढत होता. मुलांना ही बातमी सांगितली तेव्हा वर्गात टाळ्या वाजल्या.

३ ऑगस्ट

दोन्ही चित्रं लागली. एदोबेई रंगीत, इप्पेई फक्त काळ्या रेषेत, मधे चार बोटांचं अंतर. इप्पेईच्या तलवारीवरच्या मुठी आणि एदोबेईची बोटं बरोबर समोरासमोर येतात. आलेल्या लोकांतले बरेच जण आधी एदोबेईसमोर उभे राहिले, मग एक पाऊल डावीकडे सरकले आणि दोघांच्या मधे थांबले. हातात द्यायच्या प्रतीवर अभ्रक धरून आहे.

फलकावर ओनिजीविषयी एक ओळ वाढवली: त्याच वर्षाच्या अकराव्या महिन्यात त्याने नाकामुरा नाकाझो दुसरा हे मोठं नाव घेतलं, आणि १७९६ मध्ये तो वारला.

पुढचा ठसा शिगेनोईचा. नट इवाई हानशिरो चौथा, गोल, भरल्या चेहऱ्याचा. तिथे एकही कठोर रेघ नाही, गालाची कड एका दमात कोरावी लागेल. हेदूची दुसरी फळी सांगून ठेवली आहे. सादानोशिन त्यानंतर, म्हणजे बाप आणि मुलगीही शेजारी लावता येतील.